पक्की वही

"बाई इली हो, भाऊसायब! पयल्याच गाडीन इली," येसो फाटकातूनच ओरडला, आणि मी हातातलं फडकं टेबलाच्या खणात कोंबलं.

आमच्या बाई, म्हणजे डॉ. मृदुला तिरोडकर, बेळगावच्या इस्पितळात पित्ताशयाचं ऑपरेशन करून तेवीस दिवसांनी परत येत होत्या. डॉक्टरांनी आणखी आठवडाभर पडून राहायला सांगितलं होतं. पण त्या मंगळवारी अकरा वाजता मुंबईहून समिती येणार होती, आणि आमचं केंद्र ठेवायचं की मोडायचं ते ती ठरवणार होती. तेव्हा बाई पडून राहणं शक्यच नव्हतं.

केंद्र म्हणजे खाडीकाठची तीन खोल्यांची कौलारू इमारत. पाटी मात्र इतकी लांब, की वाचता वाचता इमारत संपायची. माणसंही तीनच. शास्त्रज्ञ बाई, पाणी आणणारा येसो मोंडकर, आणि फलटणहून बदलीवर आलेला लेखापाल मी, दिगंबर घोलप. काम एकच. खाडीकाठच्या नऊ विहिरींचं पाणी दर सोमवारी आणायचं, त्यात चांदीच्या क्षाराचं द्रावण थेंब थेंब सोडून मीठ किती ते मोजायचं, आणि वहीत लिहायचं. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. खाडी जमिनीखालून किती वेगानं आत सरकते आहे, कुठल्या वाडीची विहीर कधी खारी होणार, हे त्या आकड्यांवरून बाई सांगणार होत्या. अजून सांगितलं नव्हतं. वीस वर्षं पुरी झाल्याशिवाय तोंड उघडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सरकारला असला माणूस परवडत नाही. सरकारला दर मार्चला काहीतरी निष्पन्न झालेलं लागतं.

आमची किंमत सरकारदरबारी काय होती ते सांगतो. एकदा लेखापरीक्षकानं आक्षेप काढला की चांदीयुक्त माल खरेदी केलेला दिसतो, पण शिल्लक चांदी तिजोरीत आढळत नाही. मी उत्तर धाडलं, चांदी विहिरीच्या पाण्यात घालून मोरीत ओतली. त्यावर त्यानं आणखी दोन आक्षेप काढले.

बाई आत आल्या त्या एक हात पोटावर दाबूनच. भिंतींकडे बघून थबकल्या.

"चुना कधी मारलात?"

"गेल्या बुधवारी. येसोनं आणि मी."

"आणि ही कुंडी कुणाची?"

"पोस्टमास्तरांची. संध्याकाळी परत द्यायचीय."

बाई हसल्या, आणि हसताना टाके दुखले म्हणून खुर्चीत बसल्या. "घोलप, तुम्ही मुलीचं लग्न काढल्यासारखी तयारी केलीय."

"स्थळच तसं आहे बाई. नाही म्हणून गेलं तर दुसरं यायचं नाही."

"वह्या काढून ठेवल्यात ना? मला एकदा चाळायच्यायत. त्र्याऐंशीच्या पुरानंतर कुठली विहीर किती आठवड्यांनी गोडी झाली, ते त्यांना दाखवायचंय. आपल्याकडे सांगण्यासारखं तेवढंच आहे, पण ते दुसऱ्या कुणाकडे नाही."

"सगळं तयार आहे. तुम्ही चहा घ्या. समितीसमोरच काढतो."

मला त्यांना चकित करायचं होतं. त्यांनी पुन्हा मागितल्या असत्या, आणि मी दिल्याही असत्या. पण सरकारी इतिहासात पहिल्यांदाच एक समिती वेळेआधी आली. पावणेदहालाच फाटकापाशी जीप वाजली.

समितीचे अध्यक्ष डॉ. कारखानीस. एके काळी शेवाळावर काम करायचे; मग बढती मिळाली. सोबत वित्त खात्याचे अवर सचिव बोधनकर. त्यांनी आल्या आल्या जवळपास जेवण कुठं चांगलं मिळतं ते विचारून घेतलं. कारखानीस साहेब मात्र भला माणूस. बाईंना उठू दिलं नाही.

"बसा बसा, तिरोडकरबाई. टाके ताजे आहेत म्हणे. आम्ही काही तुमची परीक्षा घ्यायला आलो नाही. नोंदी तेवढ्या दाखवा, म्हणजे झालं."

मी आतून वही आणली. दोन्ही हातांवर घेऊन आणली, आरतीच्या ताटासारखी. पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, अडीचशे पानांची. मथळे तांबड्या शाईत, आकडे निळ्या. नऊ विहिरींचे नऊ रकाने, आठवड्याला एक ओळ, महिन्याला एक पान. साहेबांनी चष्मा लावला, एक पान उलटलं, मग दहा, मग मधूनच एकदम शंभर.

"वा! बोधनकर, हे बघा. एकोणीस वर्षं, आणि एक घर रिकामं नाही."

बोधनकरांनी वही हातात घेऊन वजन अजमावलं. "छान आहे," ते म्हणाले.

"बाई, स्पष्टच सांगतो," कारखानीस साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "थैली लहान आहे. चार केंद्रं आहेत आणि मला त्यातलं एक बंद करायचंय. तीन बघून आलो. एका ठिकाणी उपकरण आहे तर माणूस नाही, दुसरीकडे माणूस आहे तर नोंद नाही. तुमच्याबद्दल धाकधूक होती. पण आता तुमचं वाचलं म्हणायला हरकत नाही. दहा वर्षांचं एकदम देऊन टाकू."

माझी छाती फुगली होती हे कबूल करतो. मी बाईंकडे पाहिलं. त्या वहीकडे बघत होत्या. परक्या घरातलं मूल आपलं म्हणून पुढं केल्यावर बघावं, तशा.

"ही वही कुठली, घोलप?"

"आपलीच. पक्की केली. तुम्ही नव्हता तेवढ्यात उतरवून काढली."

आता त्या वहीचं सांगायला हवं. फलटणच्या पेढीवर माझे वडील मुनीम होते. दिवसभराचं कच्च्या वहीत, संध्याकाळी कच्च्यातून पक्क्यात, आणि पक्क्यात उतरून बेरीज जमली की कच्चं ते रद्दी, हे मी अक्षरं गिरवायच्या आधी शिकलो. बाईंच्या वह्या म्हणजे तसल्याच कच्च्या. सात आकारांच्या सात. द्रावणाचे काळे डाग पडलेल्या, दोन वाळवीनं कडेला कुरतडलेल्या. आणि मध्ये मध्ये कोऱ्या जागा. प्रत्येक कोऱ्या जागेपुढं बाईंच्या बारीक अक्षरात कारण. 'चांदी संपली, अनुदान आले नाही.' 'पूर.' 'विहिरीवर लग्नाचा मांडव.' 'म्हैस पडली, पाणी गढूळ.' 'येसोला ताप.' सगळ्यात जास्त वेळा पहिलंच कारण. पैसे मे-जूनला यायचे ते कधी कधी गणपती बसल्यावर यायचे. मी मोजल्या होत्या. आठ हजार आठशे ब्याण्णव घरांपैकी सहाशे तेरा कोरी.

सहाशे तेरा! माझ्या जमाखर्चात एक जागा कोरी राहिली तर परीक्षक तिथं बोट ठेवून दुपारचं जेवण विसरतो. ह्या वह्या समितीपुढं ठेवल्या तर सहाशे तेरा वेळा काम झालं नाही, असाच शेरा पडणार. म्हणून उतरवता उतरवता मी त्या भरल्या. अंदाधुंद नाही भरल्या. मागचा आकडा, पुढचा आकडा, मधला काढायचा. मे असेल तर चार चढवायचे, श्रावण असेल तर सहा उतरवायचे. लागोपाठ सारखे येऊ द्यायचे नाहीत, पकडतात तिथंच. अडीच आठवड्यांत मला विहिरींचे स्वभावसुद्धा कळायला लागले होते. मळेकरांची विहीर वैशाखात रुसते, देवळामागची बारा महिने शहाणी. मला कधी नव्हे ती त्या कामाची गोडी लागली होती.

बाईंनी वही पुढं ओढली आणि त्र्याऐंशीचा जुलै काढला. बोट एका ओळीवर ठेवलं.

"बांधावरची विहीर. एकशे अठरा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे पिण्याजोगी गोडी. हे कुठून आलं?"

"ते... जागा कोरी होती बाई. आधीच्या आठवड्यावरून..."

"त्या आठवड्यात ती विहीर खाडीखाली होती, घोलप. कठडासुद्धा दिसत नव्हता. येसो आणि मी होडीतून जाऊन ती कुठं असेल त्याचा अंदाज घेत होतो."

बोधनकरांनी घड्याळ बघितलं.

"हरकत नाही," बाई म्हणाल्या, पण आवाज त्यांचा नव्हता. "माझ्या वह्या आणा. त्याच्यावरून ही दुरुस्त करता येईल. कपाटात आहेत ना?"

मी उभाच राहिलो.

"घोलप?"

"पक्की झाली म्हणून कच्च्या मोडीत काढायचा, निर्लेखनाचा कागद केला होता. गुरुवारी रद्दीत दिल्या. पावती आहे."

पावती आहे, असं मी खरोखर म्हणालो. एक्केचाळीस रुपये साठ पैसे, सरकारी खात्यात रीतसर भरलेले. एकोणीस वर्षांत त्या वह्यांना कुणी मोजून दिलेली तेवढीच किंमत.

येसो दारात उभा होता. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो सायकल घेऊन बाजाराकडे सुटला.

"दुसरी प्रत असेलच ना?" कारखानीस साहेबांनी विचारलं. "झेरॉक्स वगैरे?"

"नाही," बाई म्हणाल्या. "दोनदा मागणी केली होती. मंजूर झाली नाही."

कुणी नामंजूर केली ते त्यांनी सांगितलं नाही. 'एकाच नोंदीची नक्कल हा दुबार खर्च होय', हा शेरा माझ्या अक्षरात त्यांच्याच फायलीत होता.

"वार्षिक अहवाल?"

"त्यात फक्त सरासरी. आठवड्याचे आकडे वहीतच."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. खरं तर तो स्वच्छ होता. "हे बघा बाई. किती भरल्यात यांनी? सहाशे? आठ-नऊ हजारांत सहाशे. 'नोंदी समाधानकारक' हे वाक्य आमच्या अहवालात मुंबईहूनच टाइप होऊन आलंय. चारही केंद्रांसाठी तेच आहे. मी फक्त सही करायची."

"करू नका."

"बाई, वेड्यासारखं करू नका. ही वही आम्हा दोघांशिवाय कोण उघडणार आहे?"

"मी उघडणार आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी खालच्या वाडीतली माणसं मला विचारायला येणार आहेत, विहीर आणखी खोल खणायची की सोडून द्यायची. खोल खणली आणि खाडी आत शिरली तर सगळ्या वाडीची विहीर जाईल. मी त्यांना काय सांगू? यातला कुठला आकडा विहिरीचा आहे आणि कुठला घोलपांचा?"

"सहाशे तेरा कुठले ते यांना आठवत असतील की."

सगळे माझ्याकडे वळले. मला आठवत नव्हतं असं नाही. काही आठवत होते. पण काम चांगलं झालं होतं. शिवण दिसू नये म्हणूनच मी इतका जीव टाकला होता.

तेवढ्यात येसो परत आला. सायकल आडवी टाकून आत येईपर्यंत त्याला धाप लागली होती.

"ट्रक शुक्रवारीच गेलो, बाई. कोल्हापुराक. कागदाच्या गिरणीत." तो माझ्याकडे बघत नव्हता. "रद्दीवालो म्हणता, आता लगदो झालो आसतलो."

बाईंनी डोळे मिटले. जरा वेळानं उघडले तेव्हा त्या आमच्या नेहमीच्या बाई होत्या. म्हणजे जास्त भीती वाटावी अशा.

"साहेब, लिहून घ्या. नोंदी विश्वासार्ह नाहीत. प्रत माझ्या देखरेखीखाली झाली, जबाबदारी माझी."

"बाई, देखरेख कसली? तुम्ही तर इस्पितळात..." मी तोंड उघडलं.

"घोलप, टाइपरायटरला कागद लावा."

मी कागद लावला. कारखानीस साहेब खिडकीबाहेर खाडीकडे बघत सांगत गेले आणि मी टाइप करत गेलो. 'प्रमुख संशोधकांच्या स्वतःच्या निवेदनानुसार नोंदी अविश्वसनीय असल्याने योजना पुढे चालू ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही.' तीन प्रती, दोन कार्बन. एकही चूक झाली नाही.

जीपपर्यंत पोचवायला मी गेलो. बोधनकर आधीच पुढं बसले होते. साहेब पायरीवर पाय ठेवून थांबले.

"तुम्ही वाईट हेतूनं केलं नाहीत, हे मला दिसतंय," ते म्हणाले.

"साहेब, एक विचारू? कोऱ्या जागा तशाच असत्या तर?"

"तर मी विचारलं असतं, या कोऱ्या का. बाईंनी सांगितलं असतं, तुमचे पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून. आणि मी खाली मान घालून सही केली असती." मग ते जीपमध्ये चढले. "दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच मला."

मार्चला केंद्र बंद झालं. माझी बदली साताऱ्याला झाली, येसोला बंदर खात्यात पाहऱ्यावर घेतलं, बाई मुदतीआधी निवृत्त झाल्या. आज त्या नऊपैकी किती विहिरी गोड्या आहेत मला ठाऊक नाही. ते कुणालाच ठाऊक नसावं. विचारायला जायचं कुणाकडे?

पण मला राहून राहून आठवते ती त्या दिवशीची दुपार.

समिती गेल्यावर मी आत आलो, तर बाई वही उघडून बसल्या होत्या. समोर तांबडी पेन्सिल. येसो मागच्या पडवीत बसला होता. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही, आणि पुढंही गरजेपुरतंच बोलला.

"बसा," बाई म्हणाल्या. "आठवेल तसं सांगा. जे नक्की तुम्ही भरलेत ते खोडू. बाकीचं वाचतं का बघू."

मी बसलो. पहिलं पान, बहात्तर साल. त्या बोट ठेवत, मी सांगत असे.

"हा?"

"हा मी भरला."

तांबडी रेघ.

"हा?"

"हा विहिरीचा."

"हा?"

"आठवत नाही."

बाई थांबल्या. "आठवत नाही म्हणजे खोडायचा. नाहीतर काय अर्थ आहे?"

पहिल्या पानावर चार रेघा पडल्या. दुसऱ्यावर नऊ. तिसऱ्या पानाशी मला कळून चुकलं की मला फारसं काहीच आठवत नाही. माझे आणि बाईंचे आकडे एका शाईत, एका अक्षरात, एका चालीत पडले होते. रेघा वाढत गेल्या. शहात्तरची पानं अर्ध्याच्या वर तांबडी झाली. बाईंचा चेहरा तसाच होता. फक्त प्रत्येक रेघेनंतर पेन्सिल उचलायला त्यांना जरा जास्त वेळ लागत होता.

तेव्हा माझ्या मनात आलं, काही तरी वाचवलं पाहिजे. निदान एखादी विहीर, निदान एखादं वर्ष.

"शहात्तर, नोव्हेंबर," बाई म्हणाल्या. "मळेकरांची विहीर, एकशे चाळीस. हा?"

"हा खरा."

"नक्की?"

"नक्की. चांगलं आठवतंय. त्या आकड्यावर शाईचा डाग पडला होता."

बाईंनी मान वर केली. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"मी शाईनं कधीच लिहिलं नाही, घोलप. पाण्याचं काम आहे. शिसपेन्सिलच असायची."

मला ते ठाऊक होतं. अडीच आठवडे मी तीच शिसपेन्सिल उतरवत होतो. घाईत तोंडातून गेलं.

बाईंनी एकशे चाळीसवर रेघ मारली. मग मागं जाऊन, ज्यांना मी विहिरीचे म्हणालो होतो त्यांच्यावरही, एकेक करून. त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. पेन्सिल माझ्यापुढं ठेवली आणि पोटावर हात दाबून उठल्या.

"टाके ओढतायत. उरलेलं तुम्ही करा."

"सगळं, बाई?"

"सगळं."

त्या पडवीत येसोपाशी जाऊन बसल्या. त्या दोघांचं मालवणीत काही तरी बोलणं चाललेलं ऐकू येत होतं; शब्द कळत नव्हते.

मी खणातून पट्टी काढली. तिरकी रेघ, डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यात, रद्द केलेल्या पानावर मारतात तशी. कचेरी सुटेपर्यंत मी सबंध एकोणीस वर्षं ओळीनं रद्द केली. कुठंच पट्टी सरकली नाही.